गोगलगाईची बारावी खेप

त्या रविवारी सासऱ्यांच्या घरी जेवण झाल्यावर भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे कोचावर डुलकी काढली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांनी डुलकी सोडून पुढाकार घेतला. निवृत्त माणसाने काय काय घेऊ नये याच्या यादीत पुढाकार फार वरच्या नंबरावर असतो. पण ती यादी निवृत्तीच्या दिवशी कुणी हातात देत नाही. (देतात ते भिंतीवरचं घड्याळ. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे भाऊसाहेबांना आजवर उलगडलेलं नाही.)

भाऊसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. वाहन नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं कारकुनी करून ते सन्मानाने बाहेर पडले होते. 'सन्मानाने' हा शब्द त्यांचाच. चौतीस वर्षांत त्यांनी दोन तत्त्वं पाळली. पहिलं, कागद बघावा, तोंड बघू नये. तोंड बघितलं की ओळख निघते, ओळख निघाली की दया येते, आणि दया आली की नियम गेला. दुसरं, माणसाला एकदम दोन गोष्टी सांगू नयेत, तो गोंधळतो. एका खेपेला एकच त्रुटी सांगावी. ती दुरुस्त करून आला की पुढची. ही तत्त्वं त्यांनी नव्या कारकुनांनाही शिकवली होती आणि नवे कारकून ती ऐकून विनम्रपणे आपापल्या जागेवर परत जात.

घरी मात्र तत्त्वांचं फारसं चालत नसे. बायको स्वभावाने चांगली, पण विसराळू. साबण आणायला पाठवायची, साबण आणला की कपाळाला हात लावून म्हणायची, "अगंबाई, काडेपेटी राहिली!" काडेपेटी आणली की दाराशीच, "आणि मीठ?" छत्तीस वर्षांच्या संसारात तिने एकदाही पूर्ण यादी हातात दिली नव्हती. भाऊसाहेब तिला माफ करत आले होते. प्रत्येकाची स्मरणशक्ती आपल्यासारखी कशी असणार?

तर त्या रविवारी मेव्हणा हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "दाजी, खबर ऐकलीत का? गोगलगाय सापडली!"

गोगलगाय म्हणजे सासऱ्यांची जुनी मोटार. रंग लोण्याचा, पाठ गोल फुगलेली, दोन दिवे डोळ्यांसारखे पुढे आलेले, आणि वेग असा की चढावर पायी चालणारी माणसं तिला मागे टाकून वर चुकचुकत. नंबर चारशे अकरा. सासरे पेशाने घड्याळजी. उमेदीच्या काळात त्यांनी ती एका दाताच्या डॉक्टरकडून घेतली आणि चार वर्षं चालवली. पण ती एक दिवसही त्यांच्या नावावर झाली नाही. त्याला कारण तो गाढव.

गाढवाची गोष्ट या घरात चार माणसं जमली की निघायचीच. आताही निघाली.

"अकरा खेपा!" सासरे खुर्चीतल्या खुर्चीत सरसावून बसले. नव्वदी गाठत आली तरी त्यांचा आवाज खणखणीत होता. "एक कागद नेला की म्हणायचा, हा नको, तो आणा. तो नेला की म्हणायचा, तो ठीक आहे, पण याच्यावर तारीख नाही. एकदम सांग ना मेल्या! छे. दर खेपेला एकच. अकराव्या खेपेनंतर मीच हात टेकले. दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवायची म्हणजे दुसऱ्याचं घड्याळ मनगटावर बांधून मिरवायचं. दिली सोडून."

"काय पण गाढव असेल हो!" मेव्हणा म्हणाला.

"अर्क गाढव," बायको म्हणाली.

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने भाऊसाहेब हसले. ते नेहमीच सर्वांत मोठ्याने हसत.

"तुमच्याच ऑफिसातलं होतं ना हे रत्न?" मेव्हण्याने नेहमीचा चिमटा काढला.

"खालच्या मजल्यावरचं," भाऊसाहेबांनी नेहमीचं उत्तर दिलं. "हस्तांतरणाची खिडकी खाली. आम्ही वरच्या मजल्यावरचे. कर विभाग."

तो गाढव कोण हे भाऊसाहेबांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. खालच्या खिडकीवर वर्षानुवर्षं एक तपकीर ओढणारा कारकून बसायचा. त्याला सगळे तपकीरवाले म्हणत. हे गृहस्थ सेवाज्येष्ठतेच्या यादीत भाऊसाहेबांच्या एक नंबर वर होते आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत. असा माणूस गाढव असणारच.

मेव्हण्याने पुढची हकीकत सांगितली. गाडी एका मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी होती. शेड महिनाअखेर रिकामी करायची होती. मग गाडी भंगारात. मात्र हल्ली पन्नास वर्षांवरच्या मोटारींना 'जुनी जपणूक' म्हणून नवी नोंदणी मिळते. अट एकच. पहिल्या मालकापासून आजपर्यंत साखळी जुळली पाहिजे.

सासरे खुर्चीत मागे टेकले. मग हळूच म्हणाले, "गाडीचं काय करायचंय मला आता. खुर्चीत बसायचं म्हटलं तरी कुणीतरी धरावं लागतं. पण त्या नोंदणीच्या पुस्तकात एकदा नाव बघायला मिळालं असतं तर..." वाक्य अर्धवट सोडून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. ते बरोबर चाललं होतं, तरीही. येत्या एकोणतीस तारखेला त्यांना नव्वदावं वर्ष पुरं होणार होतं.

अशा वेळी शहाणा माणूस पाणी मागतो. भाऊसाहेब उभे राहिले.

"बाबा, एकोणतीस तारखेच्या आत गोगलगाय तुमच्या नावावर! चौतीस वर्षं त्या इमारतीत काढलीत मी. आणि तेवढ्यावर थांबणार नाही. त्या गाढवाचं नाव, हुद्दा, सही, सगळं शोधून काढतो आणि तुम्हा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतो!"

टाळ्या पडतील असं त्यांना वाटलं होतं. पडल्या नाहीत. बायकोने वडिलांकडे पाहिलं. मेव्हण्याला अचानक खोकला आला. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नक्की ना, जावईबापू?"

"नक्की म्हणजे? काळ्या दगडावरची रेघ!"

ही शांतता म्हणजे आदर, अशी भाऊसाहेबांनी नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी ते नवी कोरी फाइल काखोटीला मारून निघाले. (बायको म्हणाली, "येताना सुतळी आणा.") मिस्त्रीच्या शेडमध्ये, टायरांच्या ढिगामागे, गोगलगाय उभी होती. लोण्याचा रंग केव्हाच गेला होता. आता ती लालभडक होती आणि दारावर पुसट सोनेरी अक्षरांत 'शुभप्रसंगी भेटा' असं लिहिलेलं होतं.

"ही माझ्या नावावर नाही," मिस्त्रीने आधीच हात झटकले.

"मग कुणाच्या?"

"बेकरीवाल्याच्या. तिचं इंजिन उतरवून ठेवलं, तो न्यायला आलाच नाही."

बेकरीवाल्याने पिठाचे हात कपाळाला लावले. "माझ्या कुठली? मी फक्त पाव पोचवायचो तिच्यातून. मागची सीट काढली, एवढाच माझा गुन्हा. गाडी बँडवाल्याची."

बँडवाला आता बँड वाजवत नव्हता; त्याला दम लागायचा. पण ऐटीने बोलायला लागणारा दम शिल्लक होता. "लाल रंग मी दिला साहेब. मागच्या बाजूला ढोल बरोबर मावायचा. पण कागदावर? छे छे. कागद होते त्या घड्याळजींकडे. त्यांना विचारलं तर म्हणाले, कागद दाताच्या डॉक्टरच्या नावावर आहेत, आणि डॉक्टर गेले परगावी. मग मी म्हटलं, पकडलंच कुणी तर म्हणू, दात दाखवायला चाललोय."

म्हणजे गेली चाळीस वर्षं ही मोटार रस्त्यावर धावत होती, पाव पोचवत होती, वराती मिरवत होती, आणि कागदोपत्री एका दाताच्या डॉक्टरच्या दारात उभी होती. दुसरा कुणी असता तर खचला असता. भाऊसाहेब खूश झाले. तिघांकडून त्यांनी 'माझा काही हक्क नाही' असे कागद लिहून घेतले आणि परगावच्या डॉक्टरांच्या मुलाकडून टपालाने तसंच पत्र मागवलं. साखळीतली एक एक कडी ते अशी जोडत गेले की संध्याकाळी सुतळी आणायला विसरले आणि पुन्हा गेले. (सुतळी आणल्यावर बायको म्हणाली, "आणि कात्री? बोथट झालीय, धार लावून आणा ना.")

आता एकच कडी राहिली होती. सासऱ्यांनी त्या काळी केलेला अर्ज. तो सापडला की डॉक्टर ते घड्याळजी हा दुवा जुळला, आणि सोबत गाढवही सापडलं.

अभिलेख कक्षात जायच्या दिवशी बायको पदर खोचून तयार होती.

"तू कशाला?"

"मला त्या गाढवाची सही बघायचीय. जन्मात एकदा."

अभिलेख कक्ष तळघरात होता. तिथली नवी कारकून मुलगी भाऊसाहेबांच्या मुलीच्या वयाची. त्यांना आल्याआल्या खटकलं ते हे की ती बोलताना थेट तोंडाकडे बघत होती. वर हसतही होती. असं कार्यालय किती दिवस टिकणार?

"या काका, या काकू. चारशे अकरा ना? काढून ठेवलीय." तिने धूळ झटकून एक फाइल पुढे केली. "गंमत म्हणजे ही अजून बंदच झालेली नाही. प्रलंबित आहे. कुणी नाकारली नाही, कुणी मंजूर केली नाही."

"तपकीरवाल्यांची कार्यपद्धती," भाऊसाहेब बायकोला म्हणाले आणि त्यांनी टिपणीचं पान उघडलं.

अक्षर मोत्यासारखं होतं. पहिला शेरा: 'अर्ज निळ्या शाईत आहे. काळ्या शाईत करावा.' दुसरा: 'काळ्या शाईतील अर्जावर विक्रेत्याची सही निळ्या शाईत आहे.' तिसरा: 'चासी नंबरचा ठसा अस्पष्ट.' चौथा: 'ठसा स्पष्ट आहे, परंतु कागदास घडी पडली आहे.'

"मेल्या," बायको प्रेमाने म्हणाली. "अक्षर मात्र देखणं आहे हो गाढवाचं."

"शिस्त आहे," भाऊसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे... गाढव असला तरी शिस्तीचा दिसतोय."

पाचवा: 'अर्जात वाहनाचा रंग फिकट पिवळा, नोंदीत लोणी. खुलासा करावा.' सहावा: 'खुलासा जोडला आहे. त्यावर तारीख नाही.' सातवा: 'तारीख घातली आहे. ती रविवारची आहे. कार्यालयीन सुटीच्या दिवशी खुलासा कसा केला, याचा खुलासा करावा.'

इथे भाऊसाहेबांचं बोट थांबलं.

हा शेरा त्यांनी कुठेतरी वाचला होता. वाचला होता कसला? ऐकला होता. साहेबांच्या तोंडून! साहेबांनी सगळ्या कारकुनांना बोलावून तो मोठ्याने वाचला होता आणि म्हणाले होते, "ह्याला म्हणतात नजर! ह्या पोराला वरच्या मजल्यावर घ्या." ते पोर उमेदवारीचे पहिले सात महिने खालच्या खिडकीवर बदली म्हणून बसत होतं, कारण तपकीरवाले आजारपणाच्या रजेवर होते.

तळघरात गारवा होता. भाऊसाहेबांना घाम फुटला.

त्यांनी घाईघाईने पान उलटलं. आठवा, नववा, दहावा डोळ्यांखालून नुसते सरकले. अकरावा शेवटचा: 'अर्जदार व छायाचित्रातील व्यक्ती एकच आहे किंवा कसे, याची खात्री करता येत नाही. अर्जदाराने समक्ष उपस्थित राहावे.' आणि खाली सही. शेपटीला दोन वेलांट्या देऊन त्यांनी जन्मभर जी सही केली, तीच. बँकेत तीच, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर तीच, आणि गेल्या आठवड्यात बेकरीवाल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणूनही तीच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फक्त हा कळसा डोक्यावर आपटला होता.

भाऊसाहेबांनी सहीवर अंगठा ठेवला.

"सही कुणाची आहे?" बायकोने मान पुढे केली.

"अस्पष्ट आहे."

"अंगठा काढा ना, मग दिसेल."

"अंगठा काढला तर कागद फाटेल. जुना आहे."

"मग नाव कुणाचं वाचून दाखवणार तुम्ही?"

"तपकीरवालेच," भाऊसाहेब ठामपणे म्हणाले. चौतीस वर्षांची सेवा पाठीशी असली की खोटंही ठाम बोलता येतं. "वळणावरून ओळखलं मी."

बायको त्यांच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "हो का," एवढंच म्हणाली.

कारकून मुलगी उत्साहात होती. "काका, मग तर सोपंच आहे! बाकी सगळं पूर्ण झालंय, फक्त शेवटचा शेरा राहिलाय. आजोबांना एकदा समक्ष आणा आणि त्यांचे दोन फोटो आणि डॉक्टरांच्या मुलाचं पत्र घेऊन या. त्याच दिवशी नावावर."

तिन्ही गोष्टी एकदम सांगून मोकळी! भाऊसाहेबांना त्या मुलीच्या भवितव्याची काळजी वाटली. पण त्याहून मोठी काळजी समोर उभी होती.

"अहो, नव्वदीचे आहेत ते. सवलत नाही का? मी आणतो त्यांचं पत्र. वैद्यकीय दाखला आणतो."

"नाही हो काका. शेऱ्यात 'समक्ष' असं स्वच्छ लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांनी अधोरेखितसुद्धा केलंय बघा."

अधोरेखन पट्टी लावून केलेलं होतं. भाऊसाहेब पट्टी नेहमी खिशात बाळगत.

पुढचे चार दिवस त्यांनी एका गोष्टीसाठी खर्ची घातले. सासऱ्यांना एकट्यालाच न्यायचं. बाकी कुणी येता कामा नये. त्यांनी बायकोला सांगितलं, गर्दीने बाबांना त्रास होईल. मेव्हण्याला सांगितलं, तिथे वाहनं लावायला जागा नाही. मिस्त्रीला, बेकरीवाल्याला आणि बँडवाल्याला सांगितलं, तुमची गरज नाही. इतक्या काळजीने नको नको म्हटलं की माणसाला उत्सुकता लागते. एकोणतीस तारखेला सकाळी भाऊसाहेब सासऱ्यांना हाताला धरून कार्यालयात शिरले, तेव्हा हस्तांतरणाच्या खिडकीसमोर सगळी साखळी बँडवाल्यापासून मिस्त्रीपर्यंत हजर होती, शिवाय बायको आणि मेव्हणाही. बँडवाल्याने कोट घातला होता. बेकरीवाल्याने पावाची टोपली आणली होती. मिस्त्रीने तर रात्रंदिवस खपून गोगलगायच बाहेर आणून उभी केली होती, पुन्हा लोण्याच्या रंगात.

खिडकी तीच होती. लाकडी चौकट, खाली कागद सरकवायला फट. भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या या बाजूला उभे होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की या बाजूने आतल्या माणसाचा टाळू तेवढा दिसतो.

आत बसलेल्या, तळघरातल्या त्याच मुलीने मात्र मान वर केली. फोटोकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "आजोबा, थोडं हसा बघू. हां. तुम्हीच ते!" शिक्का मारला, सही केली, पुस्तकात नोंद केली आणि पुस्तक फटीतून बाहेर सरकवलं. सगळं मिळून पाऊण मिनिट लागलं असेल.

सासऱ्यांनी पुस्तक हातात घेतलं. घड्याळजीच्या सवयीने डोळ्याजवळ नेलं. ओठ हलवत आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग पुस्तक छातीशी धरून ते उभे राहिले. बँडवाल्याने डोळे पुसले. भाऊसाहेबांनाही गलबलून आलं, आणि त्या भरात त्यांना वाटलं की आता गाढवाचं वचन सगळे विसरले असतील.

"दाजी!" मेव्हण्याने टाळी वाजवली. "आता गाढव! मोठ्याने वाचणार होतात ना?"

"हो हो, गाढव!" बेकरीवाला टोपली खाली ठेवून पुढे सरकला.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी तपकीरवाल्यांचं नाव, हुद्दा आणि दोन ओळींची कानउघाडणी लिहून आणली होती. "मंडळी," त्यांनी सुरुवात केली, "ज्या इसमाने एका सज्जन नागरिकाला..."

"जावईबापू," सासरे मध्येच म्हणाले. "किती वाजले हो?"

भाऊसाहेबांनी मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "अकरा वाजून..."

"असेच राहा," सासरे म्हणाले. "हलू नका. बघा रे सगळ्यांनी. मान खाली, टाळू समोर, आणि पुढे मनगट. अकरा खेपा मी हेच दृश्य बघितलं. तोंड एकदाही दिसलं नाही. पण मी घड्याळजी आहे. टाळू विसरेन, मनगट विसरणार नाही. आणि ते घड्याळ सात मिनिटं मागे होतं!"

भाऊसाहेबांची मान तशीच खाली राहिली. वर करण्यात आता काही अर्थही नव्हता.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"पुढच्याच महिन्यात तुम्ही तेच घड्याळ घेऊन माझ्या दुकानात आलात. म्हणालात, साहेब ओरडतात, मागे पडतंय. मी मनात म्हटलं, ये बच्चा! पाच मिनिटांचं काम होतं ते. मी म्हटलं, उद्या या. उद्या आलात तर म्हटलं, स्प्रिंग नाही. मग काच नाही. मग स्क्रू नाही. मोजून अकरा खेपा!"

भाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोर त्या अकरा संध्याकाळी उभ्या राहिल्या. त्यांच्या आयुष्यातला एकमेव प्रणय तो. दुकानाच्या गल्ल्यावर घड्याळजींची मुलगी बसायची, आणि घड्याळ काही केल्या दुरुस्त होत नाही ही दैवाची कृपा, असं ते छत्तीस वर्षं सांगत आले होते. लोकांना. तिच्यासमोर.

"पण चुकलं माझंच," सासरे उसासा टाकून म्हणाले. "खिडकीत अकरा खेपांत ज्याने मान वर केली नाही, त्याने दुकानात पहिल्याच खेपेला केली. ती हिच्याकडे बघायला! बाराव्या दिवशी हा मागणी घालायला दारात. माझा सूड माझ्याच अंगावर उलटला."

"मग... हो का म्हणालात?"

"ही ऐकेना. म्हणाली, गाढव आहे पण अक्षर सुंदर आहे. गल्ल्यावर तुम्ही सरकवलेल्या चिठ्ठ्या वाचून भाळली होती. मग मी म्हटलं, बरं बाई, जा. पण बापाचा राहिलेला सूड तू घ्यायचा."

भाऊसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराने गोगलगाईचा दिवा पुसत होती. मेव्हणा खांबाला टेकून हसत होता. त्याला पण माहीत होतं. गाढवाची गोष्ट छत्तीस वर्षं ज्या ज्या वेळी सांगितली गेली, त्या त्या वेळी खोलीतल्या एकाच माणसाला गाढव कोण ते ठाऊक नव्हतं, आणि तोच सर्वांत मोठ्याने हसत होता.

"सूड म्हणजे कसला?" भाऊसाहेबांनी क्षीण आवाजात विचारलं. "तिने तर मला कधी... फार चांगली आहे ती. विसराळू आहे, तेवढंच."

यावर बँडवालासुद्धा हसला, आणि त्याला तर आतलं काहीच माहीत नव्हतं.

सासऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला. "सोडा हो. अकरांतल्या दहा खेपांचा राग केव्हाच गेला. एकाच गोष्टीचं नवल वाटतं. तो शेवटचा शेरा. अर्जदाराने समक्ष उपस्थित राहावे! अहो, मी समोरच उभा होतो."

मग सगळे गोगलगाईत बसले. सासरे पुढे, पुस्तक मांडीवर, मिस्त्री स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर (बेकरीवाल्याने ती प्रामाणिकपणे परत आणली होती) बायको आणि मेव्हणा. भाऊसाहेबांसाठी कडेला थोडी जागा ठेवली होती. गाडी फाटकातून डुलत बाहेर पडली, चढावर आली, आणि फुस्स करून थांबली. बॉनेटमधून वाफ निघाली.

"काही नाही, तहान लागलीय तिला," मिस्त्री म्हणाला.

"अहो," बायको मागून म्हणाली, "त्या समोरच्या हॉटेलातून बाटलीभर पाणी आणता का?"

भाऊसाहेब चढ उतरले, पाणी घेऊन चढ चढले. बायको मांडीवरच्या टोपलीतले पाव वाटत होती. तिने मान वर केली नाही.

"आणि फडकं," ती म्हणाली. "झाकण गरम असेल ना."

छत्तीस वर्षांचे साबण, काडेपेट्या, मीठ आणि सुतळ्या एका ओळीत भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढून सरकल्या. "अगं, मग हे दोन्ही एकदम का नाही सांगितलंस?" ते धापा टाकत म्हणाले.

"माणसाला एकदम दोन गोष्टी सांगू नयेत," बायको पाव मोडत म्हणाली. "गोंधळतो तो."

भाऊसाहेब फडकं आणायला निघाले. अर्ध्या चढावर त्यांना हाक ऐकू आली. पण ती बायकोची नव्हती, सासऱ्यांची होती.

"सावकाश या, जावईबापू! अजून नऊ आहेत."